डबा खाल्लास का?

चर्चगेट स्टेशनाबाहेर साडेअकराच्या सुमाराला फळ्या उतरू लागतात. लांबट लाकडी फळी, तिच्यात तीस-चाळीस डबे, वजन साठ किलोच्या घरात. डोक्यावरून ती खाली घ्यायला दुसऱ्याचा हात लागतोच. फळी टेकली की बोलणं थांबतं आणि हात चालू लागतात. झाकणावरची रंगीत खूण वाचायची, डबा त्या त्या इमारतीच्या ढिगात सरकवायचा, पुढचा उचलायचा. परवानगी मागून त्यातला एक डबा मी हातात घेतला. स्टीलचा, तीन पुडांचा, तळाला अजून कोमट. झाकणावर मधोमध एक मोठा आकडा होता. डबा शहराच्या कुठल्या भागात उतरायचा, ते त्यावरून कळतं. एका बाजूला इमारतीची आद्याक्षरं आणि मजला, दुसऱ्या कडेला डबा जिथून निघाला त्या स्टेशनाची खूण. नाव कुठेच नाही. आडनाव तर नाहीच. खाणाऱ्याची जात, हुद्दा, भाषा यांपैकी काहीही ठाऊक नसताना तो डबा तीन-चार हातांतून जातो आणि एकच्या आत टेबलावर पोचतो.

या डबेवाल्यांची संस्था १९५६ साली नोंदली गेली. तिचं नाव ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या मराठी माणसांची ही संस्था आणि तिच्या नावात मात्र टिफिन. फुटपाथवर उभं राहून कान दिला, तर तो शब्द कुणाच्याच तोंडून निघत नाही. तिथे सगळा डबाच. एकाच वस्तूला पाटीवर एक शब्द आणि तोंडात दुसरा, हे कसं झालं असेल, या प्रश्नापासून मी शोधायला लागले. दुपारच्या जेवणाला आपण काय म्हणतो यात ते जेवण कुणी रांधलं, कुणी वाहून आणलं आणि कामावरून कुणाला किती वाजता सुट्टी मिळाली, हे सगळं साठलेलं असतं, असं शोधता शोधता माझ्या लक्षात आलं.

टिफिन मूळचा इंग्रजी, पण तो जोपासला गेला हिंदुस्थानात. १७८५ साली फ्रान्सिस ग्रोझ यांनी लंडनच्या गुत्त्यांतल्या, बराकींतल्या आणि रस्त्यावरच्या बोलीचा एक कोश छापला. त्यात ‘टिफिंग’ हा शब्द सापडतो आणि त्याचा अर्थ जेवणवेळ सोडून मधेच केलेलं खाणंपिणं असा आहे. ‘टिफ’ म्हणजे घोटभर पातळ दारू. सभ्य घरात न चालणारा हा शब्द कंपनी सरकारच्या नोकरांबरोबर जहाजावर चढला आणि मद्रास-कलकत्त्याला उतरला. तिथे त्याला मान मिळाला, कारण तिथे एक जागा रिकामी होत होती.

ती जागा दुपारची. एलायझा फे ही इंग्रज बाई १७८० साली कलकत्त्यात राहत होती आणि तिथून घरी पत्रं लिहीत होती. दुपारी दोनला, ऐन उन्हाच्या तडाख्यात, आम्ही मुख्य जेवण जेवतो, असं तिने कळवलं आहे. त्या दिवशीच्या पदार्थांची यादीही दिली आहे: सूप, भाजलेली कोंबडी, रस्साभात, मटणाची पाई, कोकराचं मांस, तांदळाचं पुडिंग, चीज, वर मदिरा. एवढं जेवून दुपारभर झोपायचं. पुढच्या पिढीत कचेरीचं काम वाढलं, विलायतेतली रीत बदलली आणि मोठं जेवण हळूहळू संध्याकाळकडे, मग रात्रीकडे सरकलं. सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण यांमध्ये मोठी पोकळी पडली. तिच्यात हलकं काहीतरी हवं होतं आणि त्याला नाव हवं होतं. मधल्या वेळच्या खाण्याचा तो गुत्त्यातला शब्द तिथे जाऊन बसला.

त्याची रीतसर नोंद झाली १८८६ साली, हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात. टिफिनचं मूळ अरबी किंवा चिनी असावं असंही काहींनी सुचवलं होतं. या दोघांनी ते बाजूला सारलं आणि शब्द इंग्रजी बोलीतलाच ठरवला. आजचे कोशही तेच मानतात. बर्नेल हे तंजावरला न्यायाधीश होते, आणि तिथल्या मराठी राजांच्या वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यांनीच केली. त्या वाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या पोथ्यांत रमलेल्या या माणसाने टिफिनसारख्या खाण्यापिण्याच्या शब्दासाठीही तेवढीच मेहनत घेतली, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. कोश छापून आला तेव्हा ते हयात नव्हते.

जेवणाच्या नावांचं हे सरकणं एकट्या टिफिनपुरतं नाही. इंग्रजी ‘डिनर’ आणि फ्रेंच ‘देजने’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, आणि त्या शब्दाचा अर्थ उपास सोडणं. म्हणजे दोन्ही मुळात सकाळचे. डिनर सकाळवरून दुपारवर आणि दुपारवरून रात्रीवर गेला. देजने फ्रान्समध्ये दुपारवर थांबला, पण बेल्जियममध्ये आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये अजून सकाळीच राहिला आहे. ‘नून’ हा शब्दही लॅटिनमधल्या नवव्या तासावरून आला. सूर्योदयापासून नववा तास म्हणजे दुपारचे सुमारे तीन. पुढे तोच बारावर येऊन बसला. जुन्या इंग्रजीत या नूनला जोडून दुपारच्या पेल्यासाठी एक शब्द होता, त्याचा ‘नंचन’ झाला आणि अर्थ दुपारचं खाणं असा ठरला. तिथेही सुरुवात घोटानेच.

आणि आपली न्याहारी. फारसीत ‘नाहार’ म्हणजे सकाळपासून पोटात काही न गेलेला, उपाशी. त्या उपाशीपणावर पहिला घास पडतो ती न्याहारी. दिल्ली-लखनौची निहारी तिचीच बहीण. आपल्याकडे न्याहारी सकाळीच राहिली, पण खुद्द इराणात आज कुणाला ‘नाहार’ला बोलावलं तर तो दुपारी येतो. तिथे तो शब्द दुपारच्या जेवणाचा झाला आहे.

टिफिनही हिंदुस्थानात एका जागी राहिला नाही. दक्षिणेत तो दुपारचा उरलाच नाही. तमिळ घरात भाताचं ते जेवण, आणि इडली, डोसा, उप्पुमा, पोंगल ते टिफिन, मग वेळ सकाळची असो की संध्याकाळची. घड्याळ सोडून शब्द पदार्थाला चिकटला. बंगळूरचं १९२४ सालापासूनचं ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ नावात टिफिन मिरवतं, पण तिथली खरी गर्दी असते सकाळची. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा तिथे रव्याची इडली सुरू झाली, असं त्यांच्याकडून सांगितलं जातं.

मराठीत टिफिनने पदार्थही धरला नाही आणि वेळही. शाळेच्या दप्तराची खरेदी किंवा संस्थेची पाटी असेल तेवढ्यापुरता तो येतो. त्याच्या आधी इथे पुष्कळ शब्द होते आणि त्यांची मुळं खोल होती. ‘जेवण’ तर अमरकोशातल्या ‘जेमन’पासून चालत आलेलं. ते दुपारचंही आणि रात्रीचंही, घड्याळाशी त्याला देणंघेणं नाही. शेतावरच्या माणसाचा दिवस औताने मोजला जायचा. पहाटे औत धरायचं, दिवस कासराभर वर आला की न्याहारी, दिवस माथ्यावर आला की औत सोडून झाडाखाली भाकरी. कोकणात आणि गोव्यात दहा-अकराला पेज, सोबत खारातली कैरी नाहीतर भाजलेली सुकी मासळी. पेज पिऊन गडी परत कुणग्यात उतरायचा.

घराबाहेर न्यायच्या अन्नाला शिदोरी म्हणत. फडक्यात बांधलेली भाकरी, चटणी, कांदा. प्रवास लांबचा असेल तर दशमी. दशमीचं पीठ दुधात भिजवतात. पाणी लागलेलं नसल्यामुळे ती वाटेत सोवळ्याला चालते, अशी समजूत होती. टिकाऊपणा आणि शिवाशीव, दोन्हींचा बंदोबस्त एकाच पोळीत. त्याच महाराष्ट्रात गोपाळकालाही आहे. गाई चारायला गेलेल्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या दुपारी एकत्र करून कृष्णाने सगळ्यांना वाटल्या, त्याची आठवण म्हणून आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात काला होतो आणि वारी संपते. डबे वाहणाऱ्यांत वारकरी घरं भरपूर आहेत. एकाच समाजाने जेवणाच्या सीमा आखणारी दशमीही केली आणि त्या पुसणारा कालाही केला. आपल्या दुपारच्या जेवणाचा इतिहास सांगताना यातलं एकच सांगितलं, तर तो अर्धा राहील.

मुंबईच्या डब्याचा जन्म याच पेचातून झाला. १८९०च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी गावाकडची माणसं गोळा करून हा व्यवसाय मांडला, असं डबेवाल्यांच्या परंपरेत सांगतात. तेव्हा फोर्टात कचेऱ्या वाढत होत्या. एका खोलीत पारशी, गुजराती, सारस्वत, ब्राह्मण, मुसलमान कारकून मांडीला मांडी लावून काम करू लागले होते, पण एका पंगतीला बसत नव्हते. हॉटेलात खाणं पुष्कळांना अधर्म वाटे. घर गिरगावात, पुढे दादरला, त्याहून पुढे पार्ल्याला. दुपारी घरी जाऊन परत येणं अशक्य. मग घरचं स्वयंपाकघरच कचेरीत न्यायचं. डब्यामुळे माणसाला जात न सोडता शहरात नोकरी करता आली, हे बोलायला कडू आहे पण खरं आहे. आणि हेही खरं, की तो सोवळ्यातला डबा ज्याच्या डोक्यावरून जात होता, त्याने तो कुणाचा हे कधी विचारलं नाही.

डबा या भांड्याचं नाव जेवणालाच मिळालं, ते इथे. आपण ‘डबा खाल्लास का’ विचारतो, ‘डबा खायची सुट्टी’ म्हणतो, ‘आज डब्यात काय’ म्हणतो. थायलंडात याच पुडाच्या डब्याला ‘पिंतो’ म्हणतात, मलाय मुलखात ‘तिंगकात’, म्हणजे मजला. पूर्वीचा आपला डबा पितळेचा असे आणि त्याला कल्हई लागायची, नाहीतर ताकाची कढी, चिंचेची आमटी कळकायची. दारात कल्हईवाला बसला की भाता फुंकायचा, भांडं लाल होईपर्यंत तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठला की कथिलाची कांडी आतून एकदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरकन फिरवायची. पिवळ्या पितळेवर चांदीसारखा थर पसरायचा. मग भांडं पाण्यात, आणि चर्र असा आवाज. पुण्यातल्या कसबा पेठेच्या तांबट आळीत तांब्यापितळेची ठोक अजून ऐकू येते, पण रोजचा डबा मात्र आता स्टीलचा नाहीतर प्लास्टिकचा.

शिकायला घराबाहेर पडलेल्या मुलाच्या जेवणाची गोष्ट याहून वेगळी, आणि मला ती जास्त जवळची. पूर्वी पुण्याला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवायचा, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. नाहीतर माधुकरी मागायचा. बहुजन मुलाला तीही सोय नव्हती. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं, तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न दोन वेळच्या जेवणाचाच होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं.

त्यानंतरच्या पिढीला डबा आणून दिला एसटीने. तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलासाठी आई पहाटे भाकऱ्या थापायची. सकाळच्या गाडीला बाप किंवा धाकटा भाऊ फाट्यावर उभा. डबा कापडी पिशवीत, पिशवीवर दोऱ्याने विणलेलं किंवा शाईने घातलेलं नाव आणि गाव. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, गिअरच्या मागे अशा पिशव्यांची चळत. स्टँडवर गाडी लागली की शाळेचे गणवेश घातलेली पोरं तिच्याभोवती जमायची, आणि आपली पिशवी उचलून रिकामा डबा परतीच्या गाडीसाठी ठेवायची. कधी डब्यात चिठ्ठी, कधी परीक्षेच्या फीचे पैसे पुडीत बांधलेले. गाडी चुकली, नदीला पूर आला, संप झाला की त्या दिवशी उपास, नाहीतर खोलीतल्या दुसऱ्या पोराच्या डब्यातली अर्धी भाकरी. मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या किती शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, अधिकाऱ्यांच्या बोलण्यात ही पिशवी निघते! तिच्याबद्दल बोलताना ते सगळे थोडा वेळ थांबतात. कंडक्टर-ड्रायव्हरांनी रोज केलेलं हे काम महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात ठळकपणे लिहिलं जायला हवं.

आज त्याच घरांतली मुलं पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात आणि ‘डबा लावतात’. विजेच्या खांबावर, झेरॉक्सच्या दुकानात कागद चिकटवलेले असतात: घरगुती डबा मिळेल. फुल डबा, हाफ डबा, रविवारी संध्याकाळी बंद. वार लावायचा तसाच डबा लावायचा, क्रियापद तेवढं टिकलं.

या सगळ्या डब्यांच्या मागे बाई आहे. गिरणगावात तर ती उघडच होती. घाटावरून, कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार एका गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे आणि खाणावळवाल्या बाईकडे जेवायचे. भोंग्याच्या आधी तिची चूल पेटायची. महिनाअखेर पगार झाला की पैसे, तोवर उधारी, आणि किराण्यासाठी ती सावकाराच्या दारात. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. मूळच्या गोव्याच्या प्रेमाताई कामगार चळवळीत मुरलेल्या होत्या. घामाचा हिशेब त्यांना कळत होता. १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि जेवणारेच गावी परतले. संपाच्या इतिहासात कामगारांचे आकडे येतात, त्यांना वाढणाऱ्या बायकांची चूल किती दिवस थंड होती याची नोंद फारशी येत नाही.

एका पंगतीला सगळ्यांना बसवायचे प्रयत्नही इथेच झाले. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी अस्पृश्यता मोडायला झुणका-भाकरीची सहभोजनं घातली. त्या झुणका-भाकरीच्या नावाने १९९५ नंतर सरकारने एक रुपयात जेवण द्यायची योजना आणली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, वाटीभर भाजी, भात, वरण, वेळ दुपारी बारा ते दोन.

पण आज या देशात दुपारचं सगळ्यात मोठं जेवण शाळेत होतं. मद्रास राज्यात कामराजांनी १९५० च्या दशकात त्याला राज्यभर रूप दिलं, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ साली ते वाढवलं. देशभरची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तरी बऱ्याच राज्यांत मुलांच्या हाती कोरडं धान्यच पडे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश दिला. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब आहे. कागदावर या योजनेचं नाव आधी मध्यान्ह भोजन, मग शालेय पोषण आहार, २०२१ पासून पीएम पोषण. पोरं मात्र तिला खिचडीच म्हणतात. पुलाव असो, मटकीची उसळ-भात असो, ‘खिचडी झाली का’ हाच प्रश्न.

जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत अकरा वाजता जाऊन बघा. शेडमध्ये पातेलं चढलेलं असतं. शिजवणारी बाई बहुधा गावातलीच, बरेचदा एकटी, नाहीतर परित्यक्ता. तांदूळ ती निवडते, धुते, चुलीवरचं जड पातेलं फडक्याने धरून उतरवते. पोरांच्या आधी चव कुणी घ्यायची याचा नियम आहे, चव घेणाऱ्याचं नाव वहीत लिहिलं जातं. घंटा होते, ओळी बसतात, आणि वाढताना कुणाला मिरची चालत नाही, कुणाच्या घरी सकाळी चूल पेटली नाही, हे तिला पाठ असतं. काही गावांत दलित बाईने रांधलेलं आमची मुलं खाणार नाहीत, म्हणून तक्रारी झाल्या, हेही याच शेडखाली घडलं. आणि ज्या ठिकाणी गाव ठाम राहिलं, तिथे एका पिढीची पोरं तिच्याच हातचं खाऊन मोठी झाली.

तिला जे मिळतं, त्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. केंद्राच्या निकषात ते २००९ पासून महिन्याला १००० रुपये आहे, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यं त्यात आपापली भर घालतात, ती कधी वेळेवर येते, कधी दोन-दोन महिने अडकते. किमान वेतन द्या, बारा महिने द्या, चूल आणि धूर असलेल्या शेडमधल्या कामासाठी विमा द्या, एवढ्या मागण्या घेऊन या बायका जिल्हा परिषदेसमोर बसतात. मोर्चाच्या दिवशी शाळेत खिचडी होणार नाही, म्हणून पुष्कळ जणी पहाटे रांधून, पोरांना वाढायची सोय लावून मगच गाडी धरतात.